मंदाकिनीबाईंचे ब्याण्णव

डोंबिवलीच्या मधुकुंज सोसायटीत मंदाकिनी खांबेटे यांना कोणी काकू म्हणत नसे की वहिनी म्हणत नसे. लहानथोर सगळे ‘बाई’च म्हणत. ठाण्याला नौपाड्यातल्या एका शाळेत त्या गणित शिकवायच्या, आणि घरी आल्यावरही त्यांच्यातली शिक्षिका चपलांबरोबर दाराबाहेर राहत नसे. जिन्यात भेटलेल्या पोराला त्या आधी सतराचा पाढा विचारत, मग आई घरी आहे का ते.

आठवीपर्यंत मार्कांऐवजी श्रेणी द्यायची असं ठरलं, तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यात जास्त कुरकुर बाईंचीच होती. “अ-दोन म्हणजे काय? एक्याऐंशीही तेच आणि नव्वदही तेच? मग मधल्या नऊ मार्कांसाठी जी मान मोडून बसली, तिने काय करायचं?” मार्क म्हणजे मार्क, असा त्यांचा खाक्या. सोसायटीच्या गणपतीत दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव व्हायचा, त्याची यादी वर्षानुवर्षं बाईंकडे. पंच्याऐंशी टक्क्यांच्या पुढचीच नावं. माइकवर नाव, मार्क, टक्के, सगळं त्याच वाचत, आणि त्यांच्या तोंडून आकडा ऐकला की तो खराच, असं सोसायटीतल्या कुणालाही वाटे.

अंतरा त्यांची एकुलती एक. बारावीला तिला एकोणऐंशी टक्के पडले आणि त्या वर्षी यादीत आपल्याच मुलीचं नाव नसताना बाईंनी इतरांची नावं नेहमीच्याच आवाजात वाचली. लोकांनी मनातल्या मनात त्यांना मानलं. मेडिकलच्या नीट परीक्षेतही काही जमलं नव्हतं. अंतराने एक वर्ष गाळलं, क्लास लावला, मैत्रिणी तोडल्या, वजन घालवलं. या वर्षी पुन्हा परीक्षा दिली. निकाल आला तो सातशेवीसपैकी चारशे दोन.

चारशे दोन म्हणजे काय, हे बाईंना समजावून सांगायची गरज नव्हती. सरकारी कॉलेज तर लांबच, खासगीतही कटऑफ कुठच्या कुठे होता, आणि खासगीची फी खांबेट्यांच्या आवाक्यातली नव्हती. पण निकालाच्या त्याच कागदावर दुसराही एक आकडा होता. पर्सेंटाइल, ब्याण्णव. शंभर मुलं घेतली तर ब्याण्णव तिच्या मागे, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षा देणारी बावीस लाख असतील तर पुढे उभी असलेलीच पावणेदोन लाख होतात. टक्के वेगळे आणि पर्सेंटाइल वेगळं, हे बाई शाळेत पोरांना दरवर्षी फळ्यावर मांडून दाखवत.

तरी त्यांनी कॉलेजांचा पसंतीक्रम भरला आणि त्या वाट बघू लागल्या. प्रवेशाच्या तीन-चार फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत मोठे मार्कवाले आपापल्या जागा धरतात, काही जण दुसरीकडे जातात, मग यादी खाली सरकते. “सरकेल ना, सरकेल,” असं त्या म्हणत. कटऑफ एवढा सरकत नाही, हे गणित त्यांनी एकदाही पूर्ण सोडवलं नाही. दुधाच्या दुकानात, गच्चीवर, रिक्षाच्या रांगेत कुणी विचारलंच तर म्हणत, “यादी यायचीय अजून. कॉलेज कुठलं मिळतं, तेवढंच बघायचं.” अंतरा अशा वेळी शेजारी असली तर मोबाइलमध्ये डोकं घालून उभी राही.

पहिल्या फेरीची यादी लागली. अंतराचं नाव नव्हतं. त्याच आठवड्यात गणपतीची मीटिंग होती.

मीटिंग सेक्रेटरी सीताराम दातारांच्या घरी होती. वर्गणी, मांडव, आरतीच्या पाळ्या असे विषय झाल्यावर दातार म्हणाले, “गुणगौरव. बाई, नेहमीसारखंच ना?”

बाईंनी चष्मा काढून पुसला. “मला एक सुचवायचं होतं. मार्क वाचायची पद्धत आता आपण बंद करू या. मुलांवर फार ताण येतो. श्रेणी जाहीर करू, अ आणि ब. आणि नुसतं दहावी-बारावीच कशाला? प्रवेश परीक्षा दिलेल्यांचाही सत्कार करू. नीट, सीईटी. त्यात पर्सेंटाइल असतं. नव्वदच्या पुढे अ श्रेणी.”

मार्कांच्या बाजूने भांडणारी बाई मार्क नकोत म्हणत होती, आणि अंतराने नीट दिलीय हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दातारांच्या सुनेने मोबाइल उचलून उगाच बघितला. कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं, “अंतराला किती आहे?”

“ब्याण्णव,” बाई म्हणाल्या.

“ब्याण्णव टक्के?” हा आवाज प्रशांत मोहित्यांचा. मोहिते बी विंगमध्ये राहत, शहाडच्या एका कारखान्यात फिटर होते. “अरे वा! मग डॉक्टर झालीच की ती!”

बाईंना तिथे फक्त एक शब्द बोलायचा होता, पर्सेंटाइल. तो तोंडात आलाही. पण सगळ्यांचे चेहरे एकदम मोकळे झाले होते, आणि मोहिते तर असे हसत होते की जणू त्यांच्याच पोरीचा निकाल लागलाय. बाईंनी नुसती मान हलवली. हो म्हणून हलवली की आणखी कशासाठी, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

मग मोहितेच पुढे म्हणाले, “बाईंचं मला पटतं. पोरांना असं आकड्यात नाय मोजायचं. आपला सपोर्ट आहे.” त्यांनी हात वर केला. त्यांचं बघून बाकीच्यांनीही केला.

घरी परतताना पॅसेजमध्ये बाईंना मोहित्यांचा तो वर गेलेला हात पुन्हा पुन्हा दिसत होता. सहा वर्षांपूर्वी मोहित्यांची समीक्षा दहावी झाली, तिला चौऱ्याऐंशी पूर्णांक साठ टक्के पडले होते. दातारांनी ते पंच्याऐंशीच धरून तिचं नाव यादीत घातलं आणि तिच्या आईला तसं कळवूनही टाकलं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बाईंनी नावावर काट मारली. “साठ शतांश म्हणजे पूर्ण एक नव्हे, दातार.” दातार हे मोहित्यांना कळवायला विसरले. कार्यक्रमाला मोहित्यांच्या घरची तिघंही पुढच्या रांगेत येऊन बसले. शेवटचं नाव वाचून बाईंनी कागद मिटला, तेव्हा समीक्षाची आई सोनल खुर्चीतून अर्धी उठली होती. ती तशीच खाली बसली आणि साडीच्या निऱ्या नीट करत राहिली. बाईंनी ते माइकजवळून पाहिलं होतं. तेव्हा त्यांना एवढंच वाटलं होतं की नियम तो नियम.

दोन दिवसांनी अंतरा बाहेरून आली ती तडक स्वयंपाकघरात. तिच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

“मोहितेकाकांनी दिले. खाली थांबलेले माझ्यासाठी. म्हणाले, ब्याण्णव टक्के म्हणजे चेष्टा आहे का. आई, कोणाला ब्याण्णव टक्के?”

“अगं, मी पर्सेंटाइल म्हणाले होते...”

“म्हणालेलीस? खरंच?”

बाई कणीक मळत होत्या. बाहेरच्या खोलीत विश्राम, म्हणजे अंतराचे बाबा, पेपर वाचत होते, त्यांनी तो हळूच खाली ठेवला.

“लोकांचा गैरसमज झाला असेल,” बाई म्हणाल्या.

“आणि तू तो होऊ दिलास. तू, आई! मला एकदा एक मार्क जास्त पडला होता, टोटलिंगमध्ये चूक होती, तर तू मला सरांकडे परत पाठवलेलंस. सातवीत होते मी. रडत गेलेले.” अंतराचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बाईंना काहीतरी उलटून बोलता आलं असतं. “मला चारशे दोन पडले ना, त्याची मला लाज नव्हती वाटत. म्हणजे वाईट वाटत होतं, पण लाज नव्हती. मी अभ्यास केलेला. आता वाटते. कारण तुला वाटते.”

ती पुडा ओट्यावर ठेवून निघून गेली. बाई पुन्हा कणीक मळू लागल्या. विश्राम आत आले, पुडा उचलून कपाटात ठेवला. “मोहित्यांना जाऊन सांग,” एवढंच म्हणाले. “मी येऊ का सोबत?”

“नको,” बाई म्हणाल्या. सोबत कुणी असतं तर त्यांना तोंड उघडणं आणखी कठीण गेलं असतं.

संध्याकाळी त्या बी विंगमध्ये गेल्या. दार समीक्षाने उघडलं. ती आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, नुकतीच ड्यूटीवरून आलेली, केस ओले. मोहिते लगबगीने उठले, “या या बाई, बसा,” म्हणत खुर्चीवरची इस्त्रीची चळत उचलली. सोनल स्वयंपाकघरात होती. बाईंचा आवाज ऐकून आतला भांड्यांचा आवाज थांबला आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. ती बाहेर आली नाही. पाणी मोहित्यांनीच आणलं.

“मोहिते, अंतराचे ते ब्याण्णव टक्के नाहीत,” बाईंनी सरळच सुरुवात केली. “ते पर्सेंटाइल आहे. टक्के काढले तर छप्पन्नसुद्धा होत नाहीत. एमबीबीएस मिळेल असं नाही. मिळणार नाहीच, बहुतेक.”

मोहिते गोंधळले. “पण पेपरात तर मुलांचे असेच आकडे येतात, नव्याण्णव वगैरे...”

बाई समजावू लागल्या. शंभर मुलं रांगेत उभी केली तर, वगैरे. इतकी वर्षं जे त्या झोपेतही शिकवू शकल्या असत्या, ते त्यांना त्या खुर्चीत बसून नीट मांडता येईना. मध्येच त्या अडखळल्या, तेव्हा समीक्षाने टॉवेलने केस पुसत वाक्य पुरं केलं, “म्हणजे पप्पा, मार्क नाही, नंबर कितवा ते.”

“तुला माहीत होतं?” बाईंनी विचारलं.

“मी पण नीट दिलेली ना बाई. पप्पा त्या दिवशी मीटिंगवरून आले आणि सांगायला लागले, तेव्हाच कळलं मला. म्हटलं, जाऊ दे. एवढे खूश होते.”

मोहिते हसून म्हणाले, “मग काय झालं? पोरगी मेहनती आहे. पेढे काय वाया जात नाहीत.”

बाईंना वाटलं होतं, हे सांगून टाकलं की सुटल्यासारखं होईल. उलट मोहित्यांच्या हसण्याने त्या आणखीच आक्रसल्या. त्या म्हणाल्या, “समीक्षा, तुझ्या दहावीला मी जे केलं...”

“ते माझ्याशी नका बोलू, बाई.” समीक्षाने ते उद्धटपणे म्हटलं नाही, पेशंटला हात हलवू नका म्हणावं तसं म्हटलं. “मी विसरले. खरंच. आईला लागलेलं ते.” आणि तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

बाई उठून दारापर्यंत गेल्या. सोनल पाठमोरी होती, भाजी परतत होती. “सोनल,” बाईंनी हाक मारली, “माझं चुकलं होतं.”

सोनलने गॅस बारीक केला. वळली नाही. “चुकलं काय त्यात. नियमच होता ना तुमचा,” ती म्हणाली. “आता बदलला म्हणे.”

“येते,” म्हणून बाई निघाल्या. मोहिते जिन्यापर्यंत पोचवायला आले, ‘मनावर घेऊ नका, तिचा स्वभाव आहे’ असं काहीबाही बोलत राहिले. बाईंना त्यांच्याकडे वर मान करून बघवेना.

दातारांना त्यांनी फोन करून सांगितलं की यादी या वर्षापासून दुसऱ्या कुणाकडे द्या, आणि अंतराचं नाव घालू नका, तिचे चारशे दोन आहेत. दातार “बरं बरं” म्हणाले आणि त्यांनी कारण विचारलं नाही. कारण न विचारण्याइतकं सगळ्यांना सगळं कळलेलं आहे, हे बाईंना त्या दोन शब्दांत समजलं. गुणगौरवाला त्या गेल्या, मागच्या रांगेत बसल्या. ए विंगमधल्या सर्वेशने नावं वाचली, भराभर, मध्ये विनोद करत. मार्क, श्रेणी काहीच वाचलं नाही, मीटिंगमध्ये नक्की काय ठरलं ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. टाळ्या नेहमीएवढ्याच पडल्या. सोनल दोन खुर्च्या सोडून बसली होती. आरतीचं तबक फिरत आलं तेव्हा तिने ते बाईंकडे न देता पलीकडच्या एका शेजारणीच्या हातात दिलं. मुद्दाम दिलं की गर्दीत चुकून, हे बाईंना कधीच कळलं नाही.

पुढच्या फेऱ्याही गेल्या. एमबीबीएसच्या एकाही यादीत अंतराचं नाव लागलं नाही. दिवाळी झाल्यावर आयुर्वेदाच्या फेरीत कोकणातल्या एका कॉलेजात जागा मिळाली. अंतराने कुणाला न विचारता ती घेतली, बॅग स्वतः भरली. सोडायला विश्राम गेले. बाईंच्या शाळेत सहामाहीचे पेपर तपासायचे होते, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे अंतराने “तू ये” म्हटलं नव्हतं.

तिचा फोन बाबांच्या नंबरवर येतो. विश्राम तो स्पीकरवर टाकतात आणि बाई शेजारी बसून ऐकतात. मेसचं जेवण, रूममधली मुलगी, शरीररचनेचे संस्कृत शब्द. परवा ती म्हणाली, “कॉलेजची पहिली परीक्षा झाली, बाबा.”

“मग?”

“पास.”

‘किती’ हा शब्द बाईंच्या जिभेच्या टोकावर आला. त्यांनी ओठ मिटले.

“आई आहे का तिथे?” अंतराने विचारलं.

“आहे ना. ही काय, शेजारीच बसलीय.”

“तिला सांगा, पास झाले म्हणून.”

“ऐकलं मी,” बाई म्हणाल्या. मग तिकडे कुणीतरी अंतराला जेवायला बोलावलं.