तेयो बाकायाओचा डावखुरा

सान हासिंतो गावात तेयो बाकायाओला 'कसं काय' असं सहसा कुणी विचारत नाही. कारण तो खरंच सांगतो, आणि सगळं सांगतो. वीज गेली, ब्रेड दगडासारखा मिळाला, संघाची बस पुन्हा उसाच्या शेताजवळ बंद पडली. तेवढ्यात ऐकणारा पळाला नाही तर मग पिचर लोकांचं रडगाणं सुरू होतं, आणि त्याला अंत नाही.

तेयो हा प्रांताच्या बेसबॉल संघातल्या पिचरांचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचा, मास्तर. सोळा-सतरा वर्षांची दांडगट पोरं घ्यायची, त्यांना चेंडू कसा धरायचा इथपासून शिकवायचं आणि ती कामाला आली की दुसऱ्याच्या अंगणात नाचताना बघायची, हा त्याचा जन्मभराचा धंदा. त्याला कारण हंगामाचा नियम. अर्ध्या हंगामानंतर वरचे संघ पुढे खेळतात, खालचे घरी बसतात, आणि घरी बसलेल्यांचे चांगले खेळाडू वरचे संघ निवडून घेऊन जातात. सान हासिंतोचा संघ एका वर्षी वर, तर दोन वर्षं खाली. त्यामुळे तेयोची पोरं बहुतेक साली परक्यांचे सदरे घालून टीव्हीवर दिसायची, आणि तेयो टीव्हीशी भांडायचा.

यंदा त्याच्याकडे लेओदान होता. लेओदान अरेचेआ, एकवीस वर्षांचा, डावखुरा, हात गुडघ्यापर्यंत लांब. त्याचा चेंडू फलंदाजापाशी येऊन असा खाली बसायचा की भलेभले हवेत बॅट फिरवून स्वतःभोवती गिरकी घ्यायचे. सुरुवातीला सपाटून मार खाल्लेला संघ या पोराच्या जिवावर हळूहळू वर चढला. शेवटचा सामना पुएर्तो क्लारोशी होता. जिंकेल तो पुढे, हरेल तो घरी.

आदल्या संध्याकाळी लेओदानची आई तेयोच्या दारात आली. मिग्दालिया इस्पितळाच्या धोबीघरात काम करायची. एकाच गल्लीत दोघं वाढलेली, त्यामुळे आडपडदा नव्हता.

"तेयो, उद्या माझ्या पोराला पाठवू नकोस."

"दुखतंय का कुठे त्याला?"

"दुखत नाही काही. तो खेळला तर तुम्ही जिंकाल, म्हणून म्हणते."

तेयोने कपाळावर हात मारला. "बाई गं, जिंकण्यासाठीच खेळतात. मी इतकी वर्षं काय वांगी विकतोय?"

"ऐक तरी. हरलात तर दुसरा संघ त्याला पहिल्या झटक्यात उचलेल. पुढचे सामने खेळेल, मोठ्या लोकांच्या नजरेत येईल. आणि जिंकलात तर तुमचा फुंदोरा बाहेरचे म्हातारे पिचर आणेल. जेवढे आत येतील तेवढे आपले बाहेर. माझं पोर घरी बसेल, जिंकलेल्या संघातून काढलेल्याला दुसरा संघ घेऊ शकत नाही."

"फुंदोरा मॅनेजर आहे, गाढव नाही."

"मग विचार त्याला. आणि मला शब्द दे."

मॅनेजर फुंदोराने तेयोच्या खांद्यावर हात टाकून सांगितलं, "वेडा का तू? ज्याच्यामुळे पुढे जायचं त्याला कोण काढेल?" लेओदानला काढणार नाहीत, असा तेयोने येऊन मिग्दालियाला शब्द दिला. तिचा विश्वास बसलाय असं दिसलं नाही, पण शब्द घेऊन ती गेली.

दुसऱ्या दिवशी लेओदान पहिल्या डावापासून नवव्यापर्यंत एकटा उभा राहिला. शेवटी तर दोन गडी पळायच्या तयारीत, एका धावेची आघाडी, आणि प्रेक्षकांत बायका नवस बोलतायत. त्याने चेंडू टाकला, तो खाली बसला, फलंदाजाने गिरकी घेतली. अख्खं गाव मैदानात उतरलं. पार्कातल्या बाकावर बसून वर्षभर तेयोला शिव्या घालणारी मंडळी आता 'मास्तर, मास्तर' करत त्याच्या गळ्यात पडली. तेयो त्यांच्यावरही खेकसला, पण डोळे पुसत खेकसला.

मग निवडीची बैठक झाली. फुंदोराने एकामागून एक पिचरच मागितले, सगळे तिशी ओलांडलेले, नाव मिळवलेले. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसं. जागा करण्यासाठी जी नावं खोडली गेली त्यात पहिलं लेओदानचं होतं.

तेयो फुंदोरापुढे जाऊन उभा राहिला. "तू मला काय बोलला होतास?"

"बोललो होतो," फुंदोरा म्हणाला. "तेव्हा आपण जिंकलो नव्हतो. आता वरून फोन येतात रे. अनुभव हवा म्हणतात. पोर लहान आहे, पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी पुन्हा तोच जिंकून देईल आणि पुन्हा हेच आयत्या बिळावरचे नागोबा येतील."

फुंदोरा कागद गोळा करत राहिला. दारात दुसऱ्या एका संघाचा मास्तर मारेरो भेटला. त्याने सहज म्हणून सांगितलं, "तुम्ही हरला असतात तर तुझा डावखुरा मी पहिला मागणार होतो." भल्या मनानेच बोलला बिचारा. तेयोला त्याचा गळा दाबावासा वाटला.

तिथून तो सरळ मिग्दालियाकडे गेला. बातमी आधीच पोचली होती. लेओदान ओट्यावर बसून बूट पुसत होता, घालायचं कारण नसलेले बूट. मिग्दालियाने कॉफी केली, घरातली राहिलेली साखर घातली आणि कप तेयोच्या हातात दिला. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तो तोंडातल्या तोंडात फुंदोराला, नियमाला, बसला, विजेला लाखोल्या वाहत राहिला. कुणी ऐकत नव्हतं.

"एकच सांग," ती शेवटी म्हणाली. "उद्या पुन्हा तोच सामना आला, आणि पुढचं सगळं तुला आजच ठाऊक असलं, तर पाठवशील त्याला?"

लेओदानचा फडक्याचा हात थांबला.

'नाही' म्हणणं सोपं होतं. तेयोने फुंदोराचा चेहरा आठवून पाहिला, मारेरोचाही. मग त्याला तो खाली बसणारा चेंडू आठवला, आणि त्याला स्वतःचाच मनस्वी राग आला.

"पाठवीन," तो म्हणाला.

पोराने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. चेहरा हसरा नव्हता, पण रागही नव्हता. मिग्दालिया उठली आणि तेयोच्या हातातला अर्धा भरलेला कप तिने काढून घेतला.

"भांडी घासायची आहेत," ती म्हणाली.