रेषेच्या वरचे ठिपके

आमच्या लॅबमध्ये सकाळी मशीनवर पहिला नमुना पेशंटचा लागत नाही. एका छोट्या बाटलीतलं कंट्रोल सीरम लागतं. त्यात क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात वाढणारा घटक, किती यायला हवं हे आधीच ठाऊक असतं. मशीन जो आकडा देईल त्याचा ठिपका तक्त्यावर पडतो. तक्त्याच्या मधोमध सरासरीची रेषा आणि वर-खाली मर्यादेच्या रेषा. ठिपका मर्यादेच्या आत असला की पेशंटचे नमुने सुरू होतात.

मशीन ठीक असेल तर ठिपके मधल्या रेषेच्या कधी वर, कधी खाली पडतात. नव्या माणसांना हे मीच शिकवतो. सगळे आत असूनही रोज एकाच बाजूला पडायला लागले, तर काहीतरी सरकलंय, काम थांबवायचं, हेही मीच सांगतो.

रंगपंचमीच्या सुमारास ते रोज वर पडू लागले. मला दिसत होतं. दिसलं नाही असं म्हणता आलं असतं तर आज हे लिहायला बसलो नसतो. मशीनला माप शिकवणारं द्रावण, म्हणजे कॅलिब्रेटर, नवीन लॉटचं उघडलं होतं. अर्धा स्टाफ सुट्टीवर, काउंटरवर गर्दी. महूहून येणारी आमची टेक्निशियन रोज विचारायची, "सर, रन सुरू करू ना?" आणि मी तक्त्याकडे बघून म्हणायचो, "लाइनच्या अंदर आहे ना? कर."

अशातच एका सकाळी एक काका आले. बँकेतून रिटायर झालेले, हातात पाण्याची मोठी बाटली. त्यांची बायको डायलिसिसवर होती आणि ते तिला स्वतःची किडनी देणार होते. रक्तगट जुळला होता. पण आमच्या रिपोर्टमध्ये त्यांचं क्रिएटिनिन थोडं जास्त आलं आणि डॉक्टर म्हणाले, तूर्त थांबू.

"डॉक्टरसाहेब, एकदा परत करून बघा ना," ते म्हणाले. मी डॉक्टर नाही, पण काउंटरवर सगळे तसंच म्हणतात. "मी मीठ कमी केलं. रोज लालबागेत चकरा मारतो. पाणी तर इतकं पितो की घरचे हसतात."

"काका, आमचं कंट्रोल बरोबर आहे," मी म्हणालो. "परत करून तेच येणार."

ते बाटली उचलून गेले. वाद घातला नाही. मी चांगल्या, समजावणीच्या सुरात बोललो होतो, आणि मला अजूनही सगळ्यात जास्त तेच टोचतं.

दुपारी डबा उघडला, तसाच झाकला. उठून तक्त्यासमोर उभा राहिलो. एकही ठिपका मर्यादेबाहेर नव्हता आणि एकही मधल्या रेषेच्या खाली नव्हता. टेक्निशियनला म्हणालो, "मशीन थांबव." जुन्या लॉटची एक बाटली शिल्लक होती, ती लावली. कंट्रोल पुन्हा मधल्या रेषेजवळ आलं. मग फ्रिजमध्ये ठेवलेले नमुने काढले. काकांचा लावला. नॉर्मल.

"आता काकांना काय सांगायचं, सर?" तिनं विचारलं.

एक सोपी वाट होती. खात्रीसाठी पुन्हा नमुना द्या म्हणायचं, नवा रिपोर्ट हातात ठेवायचा. त्यांनी आभारच मानले असते. फोन हातात घेऊन मी ते वाक्य मनात बोलूनही पाहिलं. मग त्यांना यायला सांगितलं, आणि ते आल्यावर, टेक्निशियनच्या देखत, म्हणालो, "काका, चूक आमची होती. मशीन वर दाखवत होतं. ते मला दिसत होतं आणि मी थांबलो नाही."

त्यांनी खिशातून फोन काढून बायकोला लावला आणि माझ्या हातात दिला. "हे तिला तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. पलीकडून आवाज आला, "म्हणजे यांची किडनी बरी आहे?"

"आमच्या तपासणीत तरी बरी आहे, ताई. पुढचं डॉक्टर बघतील."

"अहो भाऊ, माझा भाऊ घरभर म्हणत फिरला, जीजाजी ऐन टाइमपे पलट गए. मजाकच होती. मीपण हसले होते हो."

मग तीच म्हणाली, "हे सगळं कागदावर द्याल? चूक तुमची होती असं? त्याला दाखवायचंय."

"देतो," मी म्हणालो. नव्या रिपोर्टखाली मी लिहिलं, की आधीचा रिपोर्ट लॅबच्या चुकीमुळे रद्द, आणि सही केली. त्या दिवसांतले बाकीचे रिपोर्टही परत मागवायचे होते. टेक्निशियन यादी काढायला बसली. कितीजण चिडणार, मालक काय म्हणणार, हे दोघांनाही कळत होतं.

काकांनी तो कागद दोनदा वाचला. माझ्यावर ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. मी विचारलं, "पाणी घेणार का?"

"पाणी नको हो," ते म्हणाले. "आता जरा चहा सांगा."