कोणी विचारेपर्यंत

मुलीला शाळेतून काढलं, कारण रोज सकाळी बूट घालताना ती ओकायची. आठ वर्षांची पोर. शाळेत जाऊन बोलले, तर "सगळीच मुलं रडतात" हे ऐकून परत आले. मग म्हटलं, खड्ड्यात गेली तुमची शाळा, मीच शिकवते. ओकाऱ्या थांबल्या. आमच्या बरकतपुऱ्यातल्या घराच्या गच्चीवर बसून ती पाढे म्हणायला लागली, तेही घसा ताणून.

सासऱ्यांची उभी हयात वकिलीत गेली. त्यांना विचारलं, "बाबा, हे कायद्यात बसतं ना?"

चष्मा पुसत ते म्हणाले, "सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे आईबापांचं कर्तव्य, असं कायदा सांगतो. घरी शिकवलं तर काय, याबद्दल चकार शब्द नाही. आईबापांना शिक्षा नाही, आणि परवानगीही नाही."

"म्हणजे आपण सुरक्षित आहोत की नाही?"

"कोणी विचारेपर्यंत आहोत."

मला असा संताप आला! भिंतभर कायद्याची पुस्तकं, आणि उत्तर हे. पण ते वाक्य घरात मुक्कामालाच आलं. शाळेबाहेरची मुलं शोधत सरकारी बायका शेजारच्या चिक्कडपल्लीत घरोघर फिरताहेत असं कानावर आलं, तशी शाळेच्या वेळेत मी पोरीला गच्चीवर जाऊ देईना. पाढेही हळू म्हणायला लावले. का, ते तिनं विचारलं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

परवा भरदुपारी बेल वाजली. दारात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली बाई.

"घर में छोटे बच्चे हैं क्या अम्मा? इस्कूल को जाते?"

घरी शिकते, पुढं मुक्त विद्यालयातून परीक्षा देईल, असं उत्तर मी कधीचं घोकून ठेवलं होतं. तोंड उघडणार, तोच मागून पोरगी आली. अंगात जुना युनिफॉर्म, गुडघ्याच्या वर चढलेला. गळ्यात टायसुद्धा.

"आज जल्दी छुट्टी हुई आंटी," ती हसत म्हणाली. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

बाई टायकडे बघत राहिली. "ये इस्कूल मालूम मेरेकू. कल उधरिच जाना है."

ती गेली. मी दार लावलं. पोरीला जवळ घ्यायला वळले, तर ती मोरीकडे धावली होती, आणि आतून ओकारीचा आवाज येत होता.