सीलबंद पाकीट

बहारीनमधल्या रंगाच्या कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. थिनरच्या पिंपांवरच्या धोक्याच्या खुणा कामगारांना समजावणं हे माझं काम. एकदा त्यांच्या वर्गात सिगरेटवर बोललो. म्हटलं, ज्या बेन्झीनच्या भीतीने आपण मास्क लावतो, ते सिगरेटच्या धुरातही असतं. शिवाय फॉर्माल्डिहाइड, कॅडमियम, आणि रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावणारा कार्बन मोनॉक्साइड. निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, मग बरं वाटतं. मेंदूला त्याची सवय लागते आणि ते मिळालं नाही की जीव कासावीस होतो. पुढची सिगरेट ती कासाविशी तेवढी शमवते.

मी स्वतः चोरून ओढत होतो. झिंज भागातल्या आमच्या घरीही कुणाला पत्ता नव्हता.

त्या वर्गात कंपनीचे एक ड्रायव्हर होते, रत्नागिरीकडचे, माझ्याहून वयाने मोठे. त्यांनी त्या दिवसापासून सिगरेट सोडली. पहिला आठवडा ते कुणावरही खेकसायचे. तिसऱ्या आठवड्यात मला म्हणाले, "साहेब, खलास! आता आमटीला चव लागते."

त्याच आठवड्यात आम्ही दोघं हमद टाउनच्या साइटवर निघालो. माझं सिगरेटचं पाकीट घरी राहिलं होतं आणि सकाळपासून डोकं ठणकत होतं. टिश्यू शोधायला गाडीचा समोरचा कप्पा उघडला, तर आत सिगरेटचं सीलबंद पाकीट.

"मुद्दाम ठेवलंय," ते म्हणाले. "समोर असून हात लावत नाय, म्हणून बरं वाटतं."

"एक घेऊ?"

त्यांनी गाडीचा वेग कमी केला. "साहेब, तुम्ही?"

"कधीतरी," मी खोटं बोललो आणि सील फोडलं.

बाहेर आग ओकणारं ऊन, काचा बंद. धूर गाडीतच फिरत राहिला. दोन राउंडअबाउट मागे पडले. मग रस्त्यावरची नजर न हलवता त्यांनी हात पुढे केला. त्या एका झुरक्याने काय होईल, हे त्या गाडीत मला सर्वांत चांगलं ठाऊक होतं. तरी मी पाकीट पुढे धरलं. वर लायटरही मीच पेटवून दिला.

दुसऱ्या दिवशी ते शेडमागे ओढताना दिसले. मी वाट बदलली. माफी मागायला मला महिना लागला.

"जाऊ दे साहेब," ते म्हणाले, "हात माझाच पुढे आला ना?"

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं. पुढच्या वर्गात मी पुन्हा तेच सगळं शिकवलं. ते मागे बसले होते, मान खाली घालून. माझ्याबद्दल त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मीही नाही.