मोठी टाकी, लहान मोटर

अठ्ठावीस वर्षं मी कंपनीत हवा वापरली आणि ती कुठून येते हे एकदाही विचारलं नाही. वाळूजच्या एका कारखान्यात मी टूलरूमला होतो. रबराचे साचे वापरून वापरून काळे पडत, ते ब्लास्टिंग करून स्वच्छ करायचे, हे माझं काम. नळीतून जोराची हवा, हवेबरोबर काचेचे बारीक मणी, आणि त्या मण्यांच्या माऱ्यानं लोखंडावरची घाण उडून जायची. भिंतीतून एक पाइप बाहेर आलेला होता, त्याला कॉक होता. कॉक उघडला की हवा. ती हवा तयार करणारे कॉम्प्रेसर पलीकडच्या शेडमध्ये होते, आणि त्या शेडचा कारभार माझ्या मित्राकडे होता.

कंपनीत एक रीत होती, कुठं लिहिलेली नव्हती. दुसऱ्या खात्यातल्या माणसानं त्याच्या कामातली गोष्ट सांगितली की ती पडताळायची नाही. मित्रानं फोन करून 'आज प्रेशर कमी मिळेल' म्हटलं की मी गेज बघायला जात नसे. गेज बघणं म्हणजे त्याला खोटं ठरवणं. एका नव्या इंजिनिअरनं असं एकदा केलं, तर महिनाभर त्याच्याबरोबर कुणी चहा प्यायलं नाही. मी या रीतीचा मोठा अभिमानी. आता मला वाटतं, त्यात विश्वास जेवढा होता तेवढाच आळसही होता.

रिटायर झाल्यावर सहा महिन्यांत मी घरात नकोसा झालो. हे बायकोनं तोंडावर सांगितलं. मी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून ठेवायचो आणि तिला हळद सापडायची नाही. मग मी ठरवलं, सिडकोतल्या आमच्या घरामागं जी पत्र्याची शेड आहे तिथं ब्लास्टिंगची पेटी बसवायची. पेटी मी स्वतः केली. जाड पत्रा, वर काच, पुढं दोन भोकं आणि त्यांना आतून जोडलेले लांब रबरी हातमोजे. दार बंद करून हात घालायचे, म्हणजे धूळ आतल्या आत राहते. ती ओढून घ्यायला जुना व्हॅक्यूम क्लीनर जोडला. माझ्या जुन्या स्कूटरचे इंजिनाचे भाग पांढरे पडले होते, पहिल्यांदा ते करायचे होते. पेटी बघायला आलेल्या एका शेजाऱ्यानं शिलाई मशीनचं गंजलेलं डोकंच आणून ठेवलं. "सावकाश करा, काका," म्हणाला. मला इतकं बरं वाटलं की मी त्या डोक्याला त्या दिवशी तीनदा फडकं मारलं. हाताला काम नसलं की मला मी कुणीच नाही असं वाटतं. ते चुकीचं असेल, पण वाटतं.

राहिला कॉम्प्रेसर. त्यासाठी मी मित्राकडे गेलो. तो मूळचा सिल्लोडकडचा, शहरात चाळीस वर्षं काढली तरी बोलणं तिकडचंच.

"तू पेटी केली ना? मग झालं. हवेचं मी बघतो," तो म्हणाला. "तुला त्यातलं काय कळतंय?"

मला खरंच काही कळत नव्हतं. मी त्याला घेऊन मोंढ्याजवळच्या एका दुकानात गेलो. दुकानदार आमच्या ओळखीचा नव्हता, पण माणूस बोलका होता. त्यानं दोन कॉम्प्रेसर दाखवले. एक पाच एचपीचा, दोन सिलिंडरचा. दुसरा दोन एचपीचा, पण त्याची टाकी चांगली लांबरुंद, नव्या रंगात चकाकणारी. मित्र दोन्हींभोवती फिरला आणि मोठ्या टाकीवर बोटं वाजवून माझ्याकडे वळला.

"ह्यो घे. टाकी बघ केवढी हाय. हवा साठती किती, त्याच्यावर खेळ असतो. मोटरचं काय, ती भरत राहती."

"माझं नोझल तीन मिलीमीटरचं आहे," मी म्हणालो.

"लई झालं."

मोटरच्या अंगाला एक पाटी होती, तीवर आकडे होते. मी खिशातून चष्मा काढलासुद्धा. मग परत ठेवला. तो शेजारी उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत पाटी वाचणं मला बरं दिसेना. तो दुकानदाराला कोपऱ्यात घेऊन काहीतरी बोलला. मला वाटलं, भाव करतोय. मी त्या टाकीवर हात ठेवून, नवी गाय घेतल्यासारखा उभा होतो.

कॉम्प्रेसर सुरू केला तेव्हा पहिलं मिनिट झकास गेलं. इंजिनाच्या झाकणावरचा पांढरा थर निघाला आणि खालून ओलसर चांदीसारखा ॲल्युमिनियम दिसला. मी पेटीत हात घालून उभ्याउभ्या हसत होतो. मग नोझलचा आवाज बसत गेला. गेजचा काटा शंभरावरून ऐंशी, साठ, चाळीसवर आला. मणी उडायचे थांबले आणि नुसते गळायला लागले. मी पेडलवरचा पाय काढला, टाकी भरायची वाट बघितली, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. एक मिनिट काम आणि पाच मिनिटं वाट. तासाभरात मोटरला हात लावणं कठीण झालं. गरम हवेबरोबर पाणी येऊ लागलं आणि मण्यांचे गोळे होऊन नोझल तुंबलं.

दोन महिने मी हे केलं. सगळा दोष मी पेटीला दिला, म्हणजे मलाच. नोझल दोनदा बदललं. मणी गच्चीवर वाळत घातले, त्याबद्दल बायकोची बोलणी खाल्ली. मित्र दर आठवड्याला यायचा, शेडमध्ये स्टुलावर बसून बघायचा आणि काहीतरी सुचवायचा. पाइप जाड घे. पाइप आखूड घे. पेटीच्या दाराचं रबर बदल, हवा तिथून जात असंल. मी सगळं करायचो. "तुझी पेटीच धड नाय झाली, गड्या," असं तो एकदा म्हणाला, आणि मी मान हलवली. अठ्ठावीस वर्षं ज्यानं ब्लास्टिंग केलं तो माणूस आपल्याला पेटी करता येत नाही हे कबूल करून बसला. शेजारी एक दिवस येऊन शिलाई मशीनचं डोकं घेऊन गेला. "राहू द्या काका, घाई नव्हती," म्हणाला, म्हणजे घाई होती. त्या दिवशी मी जेवलो नाही.

शेवटी हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर घ्यायला मी एकटाच मोंढ्यावर गेलो. दुकानदारानं ओळखलं. कॉम्प्रेसर कसा चाललाय विचारलं. मी रडगाणं सांगितलं. तो ऐकत होता, मग त्यानं कपाळाला हात लावला.

"चचा, टाकी तो मटका है. नल पतला रहा तो मटका बड़ा लेके क्या करते? वो मशीन मिनट को छह-सात फुट हवा देता, आपके नोझल कू पंधरा होना. मैं तो पाँच एचपी का दिखाया था."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोला था ना! आपके दोस्त मेरे कू बाजू में लेके बोले, मेरे कू सब मालूम है, तू चुप बैठ, दो एचपी वालाच देना है इनकू."

मी फिल्टर न घेताच निघालो. परक्यानं फसवलं की माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. याला मी काय म्हणणार होतो? तीस वर्षांच्या मित्रानं केसानं गळा कापला होता, आणि वर दर आठवड्याला येऊन माझ्याच शेडमध्ये चहा प्यायला होता.

तो गारखेड्याला राहतो. अंगणात कुंड्यांना पाणी घालत होता. मी गेटातूनच विचारलं, "दोनचा तूच घ्यायला लावलास?"

त्यानं नळी खाली ठेवली. खोटं बोलला नाही, एवढं मी त्याच्या बाजूनं लिहितो.

"व्हय."

"तुला ठाऊक होतं चालणार नाही ते?"

"म्हनूनच घेतला. चालला असता तर तू दिवसभर तिथंच उभा ऱ्हायला असतास." मग तो खाली बघत म्हणाला, "वहिनीला इचार. मला त्यांनी शपथ घातलीय."

घरी आलो तेव्हा बायको दारात तांदूळ निवडत होती. माझा चेहरा बघून ती उठली. कपाटातल्या तिच्या साड्यांखालून एक मोठं पाकीट काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. माझ्या छातीचा एक्स-रे होता, आठ महिन्यांपूर्वीचा. त्या पावसाळ्यात मला खोकला धरला होता आणि तपासणी केली होती. रिपोर्ट आणायला ती गेली होती, मित्राच्या स्कूटरवर मागं बसून. दोघांनी परत येऊन मला सांगितलं होतं, सर्दी छातीत उतरलीय. रिपोर्टात लिहिलं होतं की दोन्ही फुप्फुसांत धुळीचे डाग आहेत. सुरुवातीची वर्षं कंपनीत आम्ही मण्यांऐवजी वाळू वापरायचो, उघड्यावर, तोंडाला रुमाल बांधून. ती धूळ आत जाऊन बसली होती.

"तुम्ही हाय खाल्ली असती," ती म्हणाली. "तुमच्या भावाला सांगितलं तेव्हा काय झालं, बघितलंत ना? सांगितल्यावर ते उठलेच नाहीत. मला ते नको होतं."

आमच्याकडं आजार रोग्याला सोडून सगळ्यांना सांगतात. मी स्वतः माझ्या भावाच्या बाबतीत डॉक्टरांना दाराबाहेर गाठून 'त्याला कळू देऊ नका' म्हणालो होतो. शेवटी त्याला दुसऱ्याच कुणाकडून कळलं, ती गोष्ट वेगळी. तेव्हा मला ते माया वाटलं होतं. आता समजलं की अंथरुणावरच्या बाजूनं ते कसं दिसतं. आठ महिने या घरात मी खोकलो की दोघं एकमेकांकडे बघत होती, आणि मी मात्र कसली कल्पना नसल्यासारखा पेटीचा पत्रा कापत होतो. पुण्यातल्या मुलाला माहीत होतं. बहिणीला माहीत होतं. अख्खं गणगोत माझ्या छातीविषयी मूग गिळून बसलं होतं आणि मी तेवढा बाहेर होतो.

मी फार बोललो. पेटी बंद असते, धूळ बाहेर येत नाही, हेही ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "दार उघडता ना शेवटी? आतली धूळ काढता ना?" मी आणखी ओरडलो. खरं तर मला वेगळंच म्हणायचं होतं. मला सांगितलं असतं तर मीच ती पेटी केली नसती. मीच शेजाऱ्याला सांगितलं असतं, घेऊन जा ते डोकं, माझ्या छातीला चालत नाही. ते 'नको' माझं होतं. यांनी ते माझ्याकडून काढून घेतलं आणि बदल्यात मला माझ्याच हातांची लाज दिली. दोन महिने मला वाटत होतं की मला आता काही जमत नाही.

चार दिवसांनी पाकीट घेऊन मी एकटा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नवा फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं, आणि दोन्ही फोटो उजेडावर शेजारी शेजारी धरले. "वाढलंय थोडं," म्हणाले. "गेलेलं परत येत नाही. पण धूळ आजपासून बंद. बंद पेटीसुद्धा." मग विचारलं, "घरचं कुणी आलं नाही बरोबर?" मी म्हणालो, "मला सांगा. आजार माझा आहे." त्यांनी सगळं सांगितलं. पुढं दम कसा लागत जाईल, जिना कधी जड होईल, सगळं. मला भीती वाटली, पण आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी मोठ्या माणसासारखं बोललं होतं.

घरी आलो तर मित्र ओट्यावर बसला होता. चार दिवस फोन उचलला नव्हता म्हणून आला होता. बायको दारात उभी. मी कुठून आलो हे दोघांनी हातातल्या पाकिटावरून ओळखलं.

"काय म्हनला डॉक्टर?" त्यानं विचारलं.

मी खरं सांगायचं ठरवून आलो होतो. वाटेत वाक्यंसुद्धा जुळवली होती. मग त्याच्याकडे बघितलं. बासष्टीचा माणूस, दाढी न केलेला, दोन्ही हात गुडघ्यांत धरून बसलेला. बायकोच्या हातात पदराचं टोक होतं आणि ती ते पिळत होती. माझ्या तोंडून निघालं, "जुने डाग आहेत म्हणाला. वाढलेले नाहीत. काळजीचं कारण नाही."

त्यानं हात जोडले, वर बघितलं, आणि मग तो रडायला लागला, लाज न बाळगता. माझा हात धरून म्हणाला, "मला शिव्या दे, गड्या, पन बोलत जा." मी त्याला शिवी दिली. तो हसला. बायको डोळे पुसत आत गेली, आणि आतून रव्याचा डबा उघडल्याचा आवाज आला.

त्या दिवशी घरात शिरा झाला. मी दोनदा मागून घेतला.