वानरं, वाल आणि सुषमाचे खांदे

"सर, हात मांगं जातच नाई ना जी," सुषमा बारखालून ओरडली. मी धावत जाऊन बार रॅकवर ठेवला.

गोंडपिपरीत मी जिम चालवतो. सुषमा जवळच्या खेड्यातली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. विद्यापीठाच्या पॉवरलिफ्टिंग टीमची निवड महिन्यावर आली होती आणि ही तिची शेवटची संधी. स्क्वॉट म्हणजे बार पाठीवर घेऊन खाली बसायचं आणि उठायचं. बसण्या-उठण्याची तिला चिंता नव्हती. धानाच्या रोवणीनं पाय पक्के झालेले. घोडं अडलं होतं खांद्यांत. हात मागे वळत नसल्यामुळे बार मानेवर टेकायचा, ती पुढे वाकायची, टाचा उचलायच्या. बार बसायला हवा मानेच्या खाली, खांद्यांच्या मांसल भागावर. कोपरं खाली, छाती वर.

मी सोपा व्यायाम दिला. दुपट्ट्याची दोन टोकं ताणून धरायची आणि कोपर न वाकवता डोक्यावरून मागे न्यायची, पुन्हा पुढे आणायची. रोज सकाळी, अंगणात.

आठवड्यानं पाहतो तर खांदे जिथल्या तिथे.

"काऊन? केला नाई का व्यायाम?"

"बंद केला जी. आमचं अंगण रोडले लागून हाय. मी दुपट्टा वर केला का यष्टी थांबते."

"मग सांगायचं ना, यायचं नाही म्हणून."

"कंडक्टर म्हणे, बाई, लवकर चढा. मले लाज वाटली. चढली."

"आणि?"

"रविवार होता. चंद्रपूरच्या बजारात फिरली, दुपारच्या यष्टीनं वापस आली."

मला हसू आवरेना, आणि रागही आला. घरात कर म्हटलं, तर पुढच्या ठेंगण्या सपरीत हात छपराच्या कवेलूंना लागतात. शेवटी घरामागच्या सांदवाडीत, भाज्यांच्या वाफ्यांजवळ करायला सांगितलं. फार आशा नव्हती.

दोन आठवड्यांनी तिनं बार घेतला आणि तो जागेवर बसला. कोपरं खाली, टाचा जमिनीला. मी बघतच राहिलो.

"एवढा नेम कसा पाळलास?"

"मी कुठी पाळला? दुपट्टा पाहून वानरं पळाली, वालाच्या शेंगा वाचल्या. तवापासून माय सोडूनच नाई राह्यली. भाकर खाता खाता उठवते, जा म्हणते, हालव."

निवडीच्या दिवशी स्क्वॉटसकट तिन्ही प्रकारच्या लिफ्ट पास झाल्या. सुषमा टीममध्ये आली. मला मुलगी झाल्यासारखा आनंद झाला. पेढे घेऊन तिची आई जिममध्ये आली, पण चेहरा उतरलेला.

"पोरगी तं आता कॅम्पले चालली, सर."

"चांगलंच आहे की, बाई."

"तुमाले चांगलं हाय. वानरं कोण हाकलन?"

शिस्त, जिद्द वगैरेवर मी पूर्वी बरंच बोलत असे. आता नवीन माणूस आला की आधी विचारतो, या व्यायामात घरच्यांचा काही फायदा आहे का.