तोवर गोळी नाही

आमच्या कुत्र्याला मी कधी लाडानं हाक मारली नाही. तो नवऱ्याचा. नवरा रेल्वेत, आठवड्यातले निम्मे दिवस कुर्डुवाडीला, आणि कुत्रा माझ्या गळ्यात. मी शाळेत शिकवायची. दिवसभर पोरांवर ओरडून घरी यायचं आणि उरलेलं त्याच्यावर काढायचं, असा माझा क्रम होता. तोही बेरकी. माझा आवाज चढला की शेजारच्या अक्कांच्या उंबऱ्याशी जाऊन बसायचा. अक्का तेलुगू, त्यांचा नवरा यंत्रमागावर कामाला, आणि त्या मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायच्या. त्यांचं आणि कुत्र्याचं माझ्यापेक्षा बरं पटायचं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि कुत्र्याचा मागचा पाय गेला. लहानपणी टांग्याखाली सापडलेला खुबा म्हातारपणी झिजला होता. उठताना कण्हायचा, बसताना ओरडायचा. अक्कांना ते बघवेना. एके सकाळी त्या वाटीत कोमट तेल घेऊन आल्या.

"बाई, लई दुखायलंय की त्याला. जरा चोळते," म्हणाल्या.

मी नको म्हणायच्या आत त्यांचा हात खुब्यावर पडला होता. कुत्र्यानं वळून त्यांचा उजवा हात धरला. सोडला लगेच, पण दात चांगले आत गेले होते. वाटी कलंडली, तेलात रक्त पडलं. अक्का एवढंच म्हणाल्या, "माझंच चुकलं, दुखऱ्यावर हात ठेवला."

त्यांचा नवरा मात्र दांडकं घेऊनच आला. कुत्रं पिसाळलंय, आता मारून टाकतो, म्हणाला. मी दारात आडवी झाले. मला काही शौर्य आलं नव्हतं. मारलं तर ते पिसाळलेलं होतं की नाही हे कसं कळणार, एवढंच सुचलं, आणि तेच मी किंचाळून सांगितलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. कुत्रं बांधून ठेवा. दहा दिवस खातं-पितं राहिलं तर काळजी नाही. खाणं सोडलं, तर त्याच दिवशी या, पोटात चौदा सुया घ्याव्या लागतील.

त्या सुयांच्या नावानं त्या काळी धडधाकट पुरुषांचे पाय लटपटायचे. अक्कांच्या पोटाचं तर वर्षापूर्वीच ऑपरेशन झालेलं. त्या पदराखालून पोटावर हात ठेवून बसून राहिल्या, आणि मी खाली मान घालून त्यांच्याशेजारी.

त्याच दुपारी मी कुत्र्याला हातगाडीवर घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथं सगळे बैल आणि म्हशी. डॉक्टरांनी खुबा दाबून पाहिला, सांध्याला सूज आहे म्हणाले, आणि माणसांच्या संधिवाताची गोळी चिठ्ठीवर लिहून दिली. कुत्र्यांसाठी वेगळं काही मिळतच नव्हतं. "पोट भरलेलं असतानाच द्या. खाणं कमी झालं किंवा शी काळी झाली, तर बंद करून लगेच मला सांगा." सात रस्ता चौकातल्या औषधांच्या दुकानदारानं रुग्णाचं वय विचारलं. म्हटलं, बारा. पुढं त्यानं काही विचारलं नाही.

गिरणीच्या सकाळच्या भोंग्याला एक गोळी, संध्याकाळच्या भोंग्याला एक, गुळात घालून. आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशी कुत्रा न कण्हता उठला. तिसऱ्या दिवशी शेपूट हलवली. अक्का रोज सकाळी येऊन तो पाणी पितो का ते बघायच्या. तो लपालप प्यायचा आणि त्या हसायच्या. मला इतका आनंद झाला की मी त्याला चक्क माझ्या ताटातली पोळी दिली.

मग एका सकाळी त्यानं पोळीकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. पाणीही नको. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. पिसाळलेल्या कुत्र्याचं जे जे वर्णन लहानपणापासून ऐकलं होतं, ते सगळं माझ्या अंगणात बांधलेलं होतं. मी जमिनीकडं पाहिलं तर शी डांबरासारखी काळी.

म्हणजे गोळ्याच बाधल्या होत्या. पण नक्की कोण सांगणार? गोळ्यांमुळं खात नाही असं मी अक्कांना सांगावं आणि ते खोटं निघावं, तर ती बाई जिवाला मुकणार. न सांगावं तर त्या शिवलेल्या पोटात सुया. देवाला काय मागावं तेसुद्धा समजेना. शेवटी गेले आणि जे पाहिलं ते सांगितलं. अक्कांनी हातातली विडी पुरी वळली, सुपात ठेवली, आणि नवऱ्याबरोबर दवाखान्यात गेल्या.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "काळी शी म्हणजे आत रक्त जातंय. ते गोळ्यांचंच. पण खाणं कशानं सोडलं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. गोळ्या आजपासून बंद. पेज पाजा. जगला तर कळेल."

"आणि त्याचं दुखणं?" मी विचारलं.

"सोसावं लागेल. आता दुखण्याची गोळी दिली तर दहा दिवस पुरे व्हायच्या आत जाईल. मग त्या बाईंना सगळ्या सुया."

घरी आले तो अक्का पोट धरून भिंतीच्या आधारानं चालत होत्या. पहिली सुई झाली होती. पिसाळलेलं कुत्रं दहा दिवस काढत नाही; चावल्यापासून तेवढे दिवस जगलं तरच सुया थांबणार होत्या.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात, पण तेच जास्त आठवतात. कुत्रा ओरडायचा. कूस बदलली की ओरडायचा, माशी बसली तरी ओरडायचा. मागांच्या खडखडाटातूनही ऐकू यायचं. आणि भिंतीपलीकडं अक्का सुजलेल्या पोटावर ओला फडका ठेवून कण्हायच्या. दोघांच्या मध्ये मी. गोळ्यांची पुडी फडताळात होती. एक गोळी दिली की हे ओरडणं थांबेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. कितीदा पुडी हातात घेतली आणि परत ठेवली. एकदा तर गुळात घालून त्याच्या तोंडापर्यंत नेली, आणि तीच गोळी चुलीत फेकून दिली. स्वतःचा असा संताप मला पुन्हा कधी आला नाही.

सगळ्यात जास्त धावपळ कुणी केली असेल, तर अक्कांच्या नवऱ्यानं. दांडकं घेऊन आलेला तोच माणूस आता पेजेसाठी दूध आणायचा, बर्फ आणायचा, कुत्र्यावर ओलं गोणपाट टाकायचा. "मरू नकोस रे, हात जोडतो," असं त्याला खरोखर हात जोडून म्हणायचा. मला हसू यायचं आणि हसता हसता रडू.

नवरा कुर्डुवाडीहून आला. कुत्र्याला पाहून मटकन खाली बसला. "सोडवू या गं त्याला. डॉक्टरांकडं कायमचं झोपवायची सुई असते."

"आणि अक्कांच्या पोटाचं काय?" मी इतक्या जोरात ओरडले की कुत्राही क्षणभर गप्प झाला. नवरा उठून पेज पाजायला लागला.

पेज चमच्यानं, गालाच्या कडेनं. निम्मी बाहेर. पण एके सकाळी त्यानं माझ्या हातातलं भांडं स्वतःच चाटलं आणि मग पाणी प्यायला. अक्कांना हाक मारली. त्या वाकून वाकून आल्या, पाहिलं, आणि उंबऱ्यावर बसून पदरात तोंड खुपसून रडल्या. तरी सुया चालूच. अक्कांचे डॉक्टर म्हणाले, दहावा दिवस उलटू द्या.

तो उलटला. कुत्रा जिवंत होता, म्हणजे हाडं आणि ओरडणं एवढाच उरला होता. अक्का नवऱ्याबरोबर दवाखान्यात गेल्या. सुया बंद, असं ऐकलं आणि परत आल्या त्या स्वतःच्या घरी गेल्याच नाहीत. सरळ माझ्या अंगणात आल्या.

"बाई, ती गोळी कुटंय?"

"अक्का, त्या गोळीनं तो मरेल."

"मरू दे की. माझ्यासाठी लई सोसलं त्यानं. आता कुणासाठी सोसायचं?"

मी पुडी आणली. गूळ त्यांनीच मळला. आणि चावलेला तोच उजवा हात, अजून नीट मूठ न वळणारा, त्यांनी कुत्र्याच्या तोंडात घशापर्यंत घातला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा कुत्रा गिळत होता आणि अक्का लाळेचा हात लुगड्याला पुसत होत्या.

संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत त्याचं ओरडणं थांबलं. तो हळूहळू दुखऱ्या कुशीवर कलंडला आणि झोपला. अक्का पोटावर हात ठेवून त्याच्याशेजारी बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी जनावरांच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, द्या आता गोळी, मागेल तेवढी द्या.

तो तीन-चार दिवसांनी गेला, दुपारी, झोपेतच. अक्का विड्या देऊन कारखान्यातून येत होत्या, त्यांना मी गल्लीच्या तोंडाशीच सांगितलं. त्या रिकामं सूप काखेत धरून उभ्या राहिल्या.

"दुखत न्हवतं की त्याला?"

"नाही अक्का," मी म्हटलं. "शेवटी अजिबात दुखत नव्हतं."